रस्त्याकडची काळोखी

आमच्याकडं हिरव्या रंगाच्या पायऱ्या आहेत. पोपटी, हिरवा, गर्द हिरवा, आणि सगळ्यात वरच्या पायरीवर काळोखी. पीक इतकं हिरवं व्हावं की लांबून पाहणाऱ्याला वावरावर ढगाची सावली थांबल्यासारखी वाटावी, भर उन्हातसुद्धा तिथं गारवा असणार असं वाटून त्याचे डोळे जड व्हावेत, तेव्हा म्हणायचं की पिकावर काळोखी आली. मला उभ्या आयुष्यात कोणी देखणा म्हटलेलं नाही. पण एका वर्षी माझ्या कपाशीकडं पाहून बसस्टँडवर कोणीतरी म्हणालं होतं, "काय काळोखी आहे बापा!" ते वाक्य मी अजून अधूनमधून काढून पाहतो, लग्नातला कोट पेटीतून काढून पाहावा तसं.

मी राहतो अमरावतीत. वावर आहे भातकुलीच्या पुढं, दर्यापूरकडं जाणाऱ्या रस्त्याला अगदी लागून. आता रस्त्याला लागून वावर असणं म्हणजे काय, ते बाहेरच्या माणसाला कळायचं नाही. आमच्याकडं काळीपिवळी जीपमध्ये कोंबून बसलेला माणूस रस्ता पाहत नाही, वावरं पाहतो. "हे कोनाचं?" "याले फवारा पायजे." "हा मानूस शेतात येते का नाई?" असे निकाल देत देत गाडी पुढं जाते. त्या वावराचा मालक जन्मभर परीक्षेला बसलेला असतो. त्यातून मी शेतकीची पदविका घेतलेली आहे. हे मी सहसा कोणाला सांगत नाही, आणि पुढचं वाचल्यावर तुम्हीही सांगू नका.

पदविकेची वर्षं अकोल्यात गेली. वर्गात माझ्या बाकावर जो मित्र बसायचा, त्याच्या वडिलांची बेकरी होती. खोलीवरच्या डब्यापेक्षा मी त्या बेकरीच्या टोस्टावर जास्त वाढलो. सकाळी वर्गाला जाताना तिच्या मागच्या गल्लीतून जायचो. भट्टीचा वास त्या गल्लीत इतका दाट असायचा की त्यातून चालताना माणूस पोहतोय असं वाटायचं. पुढं मित्रानं बेकरी धरली, मी वावर धरलं. त्याला एकच मुलगी. ती अन्न प्रक्रियेचं शिक्षण घेऊन परत आली आणि हैदराबादच्या एका बिस्किटाच्या कंपनीत तिला नोकरीही लागली.

सोयाबीन काढणीला आलं होतं तेव्हा मित्राचा फोन आला. "ये एकदा. पोट्टीले तुझ्याशी बोलायचं आहे."

गेलो. बेकरीच्या मागच्या खोलीत, मैद्याच्या पोत्यावर बसून ती वाट पाहत होती. बापानं सरळ विचारलं, "तुले बार्ली येते का पिकवता?"

"म्हणजे जव?"

"जव म्हन, सातू म्हन, काही म्हन. येते का?"

"मला काय येत नाही?" मी म्हणालो. आमच्या पदविकेत जवावर एक पान होतं. ते पान मी वाचलं नव्हतं एवढंच.

मग मुलीनं मला माल्ट समजावून सांगितला. जवाचा दाणा भिजवायचा, त्याला मोड येऊ द्यायचे. कोंब वर यायच्या तयारीत असतो तेव्हा दाण्याच्या आतलं पीठ हळूहळू साखरेत बदलायला लागतं. नेमक्या वेळी त्याला भट्टीच्या उबेत वाळवायचं, मुळं चोळून काढायची, दळायचं. झाला माल्ट. तो टोस्टाच्या पिठात थोडासा घातला की आपसूक गोडी येते आणि वर खारकेसारखा रंग चढतो. विकतचा माल्ट लांबून येतो, शिळा असतो. तिला तिचा स्वतःचा करायचा होता, वऱ्हाडातल्या दाण्याचा.

"पण काका, एक अट आहे," ती म्हणाली. "युरिया द्यायचा नाही. पेरताना थोडं खत, बस. आधी सोयाबीन होतं ना, त्यानं जमिनीत नत्र ठेवलेलं असते. नत्र जास्त झालं की दाण्यात प्रोटीन वाढते, पीठ कमी भरते. तो दाणा कडक होते, पानी लवकर पीत नाही, कोंब सारखा फुटत नाही. अर्धे दाणे जागे अन् अर्धे झोपलेले, असा माल्ट होत नाही. पीक फिकं दिसलं तर दिसू द्या."

"किती फिकं?"

"लोकं बोलतील इतकं."

मी हसलो. तेव्हा हसायला सोपं होतं.

मित्र मला स्टँडवर सोडायला आला. स्कूटर उभी करून तो आरसा पुसत राहिला. मग आरशाकडंच पाहत म्हणाला, "तिनं कंपनीकडून जूनपर्यंत टाइम मागून घेतला. म्हन्ते, माल्ट जमला तर इथंच राहीन, बेकरी पाहीन. नाई जमला तर हैदराबाद. मी तिले राह्य म्हनू शकत नाई. शिकवलं मीच ना यार? टोस्ट मोजत बस म्हनायले शिकवलं का?" आरसा केव्हाच स्वच्छ झाला होता. "तू बस जव उगव. बाकी मी काही बोलत नाई."

घरी येऊन बायकोला सांगितलं की यंदा जव पेरतो.

"जवस? चटनीपुरता आहे ना घरात."

"जवस नाही, जव. सातू."

"सातू?" तिनं हातातली परात खाली ठेवली. आमच्याकडं सातू म्हणजे गहू आणि हरभऱ्याची डाळ भाजून दळलेलं पीठ. उन्हाळ्यात गूळपाण्यात कालवून खातात. "सातू काय पेरतात? सातू तर दळतात. उद्या म्हनसान शेवया लावतो वावरात."

गावात वेगळीच बातमी गेली. शेजारच्या वावरात हरभरा पेरणारे एक म्हातारे आबाजी आहेत. ते मधल्या धुऱ्यावर, म्हणजे बांधावर, काठी टेकवून उभे राहिले आणि म्हणाले, "बाबू, बिअरचं पीक लावलं म्हन्ते तुनं."

"टोस्टाचं आहे आबाजी."

"टोस्टाचं झाड नाई पाह्यलं म्या कधी," ते म्हणाले आणि बराच वेळ तिथंच उभे राहिले, ते झाड उगवताना पाहायचं राहून जाऊ नये म्हणून.

उगवलं मात्र फार सुंदर. हिवाळ्यातल्या त्या सकाळी मी अजून विसरलो नाही. धुकं पूर्णेच्या बाजूनं सरकत येऊन वावरावर बसायचं. काळी माती दिसायची नाही, रस्ता दिसायचा नाही, फक्त जवाची पाती धुक्यातून वर आलेली. प्रत्येक पात्याच्या टोकावर दवाचा एक थेंब, पडू की नको अशा विचारात. मी धुऱ्यावर बसून राहायचो. कोणी विचारलं असतं काय करून राहिला, तर सांगता आलं नसतं. जवाकडं पाहत राहिलं की माणूस आपोआप हळू श्वास घ्यायला लागतो.

पण धुकं उठलं की रस्ता दिसायला लागायचा, आणि रस्त्याला मी दिसायला लागायचो. आजूबाजूला गहू गर्द, हरभरा गर्द, आणि मध्ये माझं वावर लिंबाच्या फोडीसारखं फिकं. मुलीनं सांगितलं होतं तसंच होतं सगळं. पीक निरोगी होतं, फक्त रंग कमी होता. हे मला माहीत होतं. रस्त्याला माहीत नव्हतं.

एके दिवशी काळीपिवळी एका सवारीसाठी माझ्या वावरासमोरच थांबली. ड्रायव्हर खिडकीतून वाकून म्हणाला, "काका, तुमच्या गव्हाले कावीळ झाली काय?"

आतली सगळी सवारी हसली. मागच्या सीटवर एक बाई होती, तिच्या मांडीवरचं लेकरूसुद्धा हसलं. त्याला काय कळलं असेल?

"गहू नाही तो," मी म्हणालो.

"मंग त डाक्टरलेच दाखवा."

गाडी गेली, हसू मागं राहिलं. धुऱ्यावरून आबाजी म्हणाले, "पिवयं पडलं बाबू. युरिया टाक थोडा. लेकराले उपाशी ठेवते काय कोनी?"

माझ्या डोक्यात जी अक्कल आली ती तिथंच आली. सगळ्या वावराला युरिया द्यायचा नाही, हे तर ठरलेलंच. मी शब्द दिला होता. पण रस्त्याकडचा एक पट्टा? अगदी अरुंद? दुकानाचा जसा दर्शनी भाग असतो, आत काय का असेना, बाहेर आरसे आणि दिवे, तसा वावराचा दर्शनी भाग. रस्त्यानं पट्टा पाहायचा, मुलीनं मागचं न्यायचं. दोघांचं समाधान. ही कल्पना मला इतकी आवडली की ती आधी कोणालाच कशी सुचली नाही याचं मला नवल वाटलं.

दुपारची वेळ निवडली. त्या आठवड्यात पंपाची लाइन दिवसाची होती आणि रस्ता सामसूम होता. घमेल्यात युरिया घेऊन रस्त्याकडेनं टाकत गेलो. युरिया दिसायला साबुदाण्यासारखा, पण घामेजल्या मुठीत धरला की थंड लागतो, एखाद्या लहान प्राण्याच्या नाकासारखा. मूठभर, मूठभर. पांढरे मणी काळ्या मातीवर पडत होते आणि मला फार बरं वाटत होतं. मग पाणी सोडायचं होतं. एरवी माझ्याकडं तुषारचे पाइप आहेत, पाऊस पडल्यासारखं पाणी जागच्या जागी पडतं. पण ते पाइप मीच उदार होऊन आबाजींना हरभऱ्यासाठी दिलेले. म्हणून रस्त्याकडच्या तोंडावरून मोकळं पाणी सोडलं आणि पट्टा भिजेपर्यंत बाभळीखाली टेकलो.

बाभळीखालचं ऊन चाळणीतून गाळल्यासारखं असतं. पंपाचा आवाज एकसुरी. पाण्याचा मातीत जिरतानाचा तो बारीक चुळचुळ आवाज. मी डोळे मिटले, नुसते मिटायचे म्हणून.

स्वप्नात मी काळीपिवळीत बसलो होतो, खिडकीशी. गाडी माझ्याच वावरापाशी आली आणि ड्रायव्हरनं इंजिन बंद केलं. देवळासमोर बंद करतात तसं. गाडीत कोणी बोलेना. बाहेर वावर नव्हतंच, एक गडद हिरवं तळं होतं. रस्त्यापासून आभाळापर्यंत. त्याच्या तळाशी जवाची कणसं एका बाजूला झुकून हळूहळू हलत होती, आणि त्यांच्यातून पोपट पोहत जात होते, पंख न हलवता. कोणीतरी अगदी हलक्या आवाजात विचारलं, "हे कोनाचं?" सगळी सवारी माझ्याकडं वळली. मी सांगायला तोंड उघडलं, तर तोंडातून शब्द येईना, पाणी यायला लागलं. गार पाणी. पायांवर.

जाग आली ते पाय भिजल्यामुळंच. पाणी माझ्या चपलांपर्यंत आलं होतं, आणि मी बसलो होतो वावराच्या अर्ध्यावर.

आता जमिनीचा उतार रस्त्याकडून आत आहे, ही गोष्ट मला लहानपणापासून माहीत आहे. या वावरात मी चालायला शिकलो आणि उतारामुळंच पडलो. युरिया पाण्यात साखरेसारखा विरघळतो, हे तर पदविकेतल्या वाचलेल्या पानांवर होतं. पण ह्या दोन माहित्या माझ्या डोक्यात शेजारी राहत होत्या आणि एकमेकींशी बोलत नव्हत्या. मी पंपाकडं धावलो. बंद केला. मागं वळून पाहिलं तर पांढरे मणी गायब, पाणी सरी सरीनं आत आत पसरलेलं. चहात पडलेली साखर परत डब्यात भरता येते का? मी थोडा वेळ घमेलं हातात धरून उभा राहिलो. कशासाठी, ते घमेल्यालाही कळलं नसेल. विहिरीकडचा उंचावरचा तुकडा तेवढा कोरडा होता. पाणी तिथं चढत नाही. त्याला मी दुसऱ्या दिवशी वेगळं पाणी दिलं, नुसतं.

आठवड्याभरानं काळोखी आली.

आणि खरं सांगू? मला आनंद झाला. रस्त्यापासून निघून हिरव्या जिभा वावरात आतपर्यंत शिरल्या होत्या. ऊन तिरकं पडलं की तो रंग अक्षरशः निळा व्हायचा. पीक ढोपराच्या वर गेलं, फुटवे दाटले, वाऱ्यानं लाटा उठायला लागल्या. काळीपिवळीवाला आता वेग कमी करायचा. आबाजी म्हणाले, "आता कसं! लेकरू बाळसं धरून राह्यलं." मी रस्त्यावरून हळू चालायला लागलो. एकदा तर विनाकारण सदरा इस्त्री करून वावरात गेलो. अकोल्याच्या बेकरीतली मुलगी मला त्या दिवसांत आठवतच नव्हती, म्हणजे आठवायची, पण स्वप्नातल्या माणसासारखी, चेहरा नसलेली.

संक्रांतीनंतर बाप-लेक आले. दर्यापूरपर्यंत बसनं, पुढं काळीपिवळीनं. ती उतरली, रस्त्याच्या कडेला उभी राहिली आणि वावर या टोकापासून त्या टोकापर्यंत पाहून घेतलं. मित्र मला पाहून हसायला लागला होता, तिचा चेहरा पाहून थांबला.

"काका, हा काळा पट्टा कशाचा?"

मी वर पाहिलं. खाली पाहिलं. "सावली आहे."

"कशाची?"

"झाडाची."

सूर्य बरोबर डोक्यावर होता. तिनं चारी बाजूंनी पाहिलं. रस्त्याकडं जवळपास झाड म्हणजे बोरीचं एक रोपटं होतं, कमरेएवढं.

"ह्या बोरीची?"

"संध्याकाळी लांब पडते," मी म्हणालो.

"अन् मंग दिवसा उठून जात नाही?"

मित्र खोकायला लागला. ती म्हणाली, "काका, आम्ही ज्या गाडीत आलो ना, त्या ड्रायव्हरनं सगळं सांगतलं. म्हणे काकाच्या पिकाले कावीळ होती, काकानं काय औषध मारलं देव जाने, पंधरा दिवसांत पैलवान झालं."

मला काळोखी करायला लावणारा आणि माझा भांडाफोड करणारा माणूस एकच निघाला. ती सरळ वावरात शिरली, जिभांच्या मधून वाट काढत विहिरीकडच्या उंच तुकड्यापर्यंत गेली. तिथलं पीक ठेंगणं, विरळ, लिंबाच्या फोडीच्या रंगाचं. तिनं एक पातं दोन बोटांत धरलं.

"इथं काय टाकलं?"

"नुसतं पाणी."

"नुसतं?"

"आईशप्पथ."

तिनं माझ्याकडं असं पाहिलं की मला आईची काळजी वाटली. मग तिनं पिशवीतून सुतळी काढली, काटक्या रोवल्या आणि तो तुकडा चारी बाजूंनी बांधून टाकला. "याच्या आत तुम्ही पाय ठेवायचा नाही. पाणी मी फोन करून सांगेन तेव्हाच."

मित्र धुऱ्यावर बसला होता. मी जवळ बसलो. त्यानं हातातली बोरं मला दिली नाहीत. "यार," तो म्हणाला, आवाज अजिबात न चढवता, "तुनं माह्या पोट्टीचं पीक रस्त्याले दाखवायसाठी रंगवलं."

मी दोन ढेकळं उचलली आणि फोडून परत वावरात टाकली.

पुढं फाल्गुनाच्या तोंडावर एका दुपारी वारं सुटलं, चार थेंब आले. तेवढ्यानं काळोखी आडवी झाली. उंच वाढलेली, आतून पोकळ आणि वरून जड. तेल लावून भांग पाडावा तसं सगळं पीक एका बाजूला चोपून बसलं. सुतळीतला तुकडा उभाच. त्याची कणसं आता खाली मान घालून पिकत होती. वारा आला की कुसळांचा असा कोरडा, दूरचा आवाज यायचा, की कोणीतरी पलीकडच्या खोलीत रेशमी लुगड्याची घडी घालतंय. मी सुतळीबाहेर उभा राहून ऐकायचो. आत जायची हिंमत नव्हती.

कापणीला आलेल्या बायांनी आडवं पीक पाहिलं आणि त्यातली एक म्हणाली, "भाऊ, हे झोपलेलं उठवून कापायचं, का झोपेतच?"

"झोपेतच कापा," मी म्हणालो.

दोन ढीग वेगळे केले. काळोखीचा ढीग मोठा झाला, पडूनसुद्धा मोठाच. तो पाहून मला परत थोडा आनंद झाला. मी असा आहे. मुलीनं दोन्हीकडचा एक एक दाणा दातांखाली धरून फोडला आणि तळहातावर ठेवून मला दाखवला. मोठ्या ढिगातला दाणा बारीक, आतून काचेसारखा चकाकणारा. सुतळीतला टपोरा, आतून पांढराशुभ्र, पिठाळ, खडूच्या तुकड्यासारखा. "हा पानी पिईन," ती पिठाळ दाण्याकडं बोट करून म्हणाली. काचेचा दाणा तिनं फुंकून टाकला. सुतळीतला ढीग एवढासा होता. त्यात चूक झाली तर दुसरा मिळणार नव्हता, आणि जून यायला फार दिवस नव्हते.

नव्या दाण्याला म्हणे झोप असते. कापल्या कापल्या तो उगवत नाही, त्याला काही आठवडे पडून राहू द्यावं लागतं. हे ऐकून मला जवाबद्दल पहिल्यांदा खरी आपुलकी वाटली. त्याची झोप पुरी झाली तेव्हा अकोल्यात उन्हाळा तापला होता. मोडाला गारवा लागतो. बेकरीमागच्या जाड भिंतींच्या खोलीत मुलीनं फरशी धुऊन घेतली, खिडकीत एक कूलर लावला, दारात दुसरा. दुसरा बापाच्या खोलीतला. मी गेलो तेव्हा मित्र अंगणात पंख्यानं वारा घेत बसला होता, वर्तमानपत्राच्या.

"दान्याले दोन कूलर," तो म्हणाला, "अन् मले काल रात्रीपासून गरम हवेचा पंखा. सांग तुह्या जवाले, निजला असन त कूस बदल म्हनाव."

आत काळोख आणि गारवा. कूलरच्या गवताचा ओला वास. फरशीवर दाणे दोन वाफ्यांत पसरलेले, मध्ये ओल्या फडक्याचा बांध. एका बाजूला माझी काळोखी, दुसऱ्या बाजूला तिचा फिका तुकडा. तिला दोन्ही पाहायचे होते. मी उकिडवा बसलो. काळोखीकडं काही दाण्यांना लांब मुळं फुटली होती, काही तसेच दगड, काहींवर पांढरी बुरशी यायला लागलेली. आंबूस वास. आणि फडक्याच्या पलीकडं सगळे दाणे एकाच वेळी जागे झालेले. प्रत्येकाच्या टोकाला पांढऱ्या मुळांचा छोटा झुपका, एकसारखा, जसं शाळेतल्या पोरांनी एकदम हात वर केले असावेत.

"वास घ्या," ती म्हणाली.

मी वाकलो. कोवळ्या काकडीचा वास. अकोल्याच्या उन्हाळ्यात, मैद्याच्या गोदामात, काकडीची वाडी. मी डोळे मिटले आणि खरंच क्षणभर कुठं आहे ते विसरलो.

"झोपू नका," ती म्हणाली. "दाताळं घ्या. उलटायचे आहेत, हलक्या हातानं. मुळं एकमेकांत गुंतली की गरम होतात."

काळोखीचा वाफा तिनं त्याच दिवशी टोपलीत भरून गल्लीतल्या शेळ्यांना पाठवून दिला. मला विचारलं नाही. फिका ढीग तिनं दोन भागांत भिजवायचं ठरवलं होतं. पहिला भाग भट्टीच्या उरलेल्या उबेत वाळला, मुळं चोळून निघाली, दळला गेला. दुसरा भाग फरशीवर अजून कोंब धरत होता, त्या सकाळी तिनं टोस्टाचं पीठ मळलं. मला फोन नव्हता आला, मीच गेलो होतो. रात्रभर बरी झोप लागली नव्हती, जी माझ्यासाठी बातमी आहे.

पहिली ताटं बाहेर आली. रंग खारकेचा. मित्रानं एक टोस्ट तोडला, तोंडात टाकला, चावला. आम्ही दोघं त्याच्या जबड्याकडं पाहत होतो. तो चावतच राहिला. मग दुसरा घेतला. मुलगी म्हणाली, "काही बोला ना अब्बू."

"चहा सांग," तो म्हणाला.

आम्ही दुकानातल्या पोराला चहा सांगितला आणि पुढचं ताट भट्टीत सरकवून मागच्या खोलीत गेलो. उरलेले दाणे उलटायची वेळ झाली होती. तिनं एक दाताळं घेतलं, एक मला दिलं. कूलरचा आवाज, काकडीचा वास, दाण्यांवरून लाकूड फिरताना पावसाळी सर दूर जावी तसा आवाज. मित्र दारात उभा राहिला. त्याला विचारायचं होतं आणि तो विचारत नव्हता. त्यानं कूलरची जाळी सरळ केली, जी सरळच होती.

शेवटी तीच म्हणाली, वर न पाहता, "अब्बू, हैदराबादले मी काल सांगून टाकलं."

"काय सांगतलं?"

"की मी येऊ शकत नाही म्हणून."

"कावून?"

"इथं दाणे उलटायले माणूस नाही म्हटलं."

मी दाताळं थांबवलं. "अन् पुढच्या रब्बीत?" मी विचारलं. "जव?"

"पेरायला मी येणार. धुऱ्यावर पालच टाकून राहीन."

"रस्ता काय म्हनीन?"

"रस्त्याले काय, मी उत्तर देते. तुम्ही फक्त झोपून राहा, पंप बंद करून."

मित्र हसायला लागला. हसता हसता दाराची चौकट धरून उभा राहिला आणि बराच वेळ हसतच होता, हसण्यासारखं संपल्यावरही. मग तिनं नाक वर केलं.

"अब्बू! जळून राहिलं काहीतरी!"

तो भट्टीकडं धावला. उशीर झाला होता. अख्खं ताट कोळसा. चहाचे पेले घेऊन आम्ही तिघं मैद्याच्या पोत्यांवर बसलो. ते ताट तो फेकू देईना. एकेक काळा टोस्ट चहात बुडवायचा आणि खायचा, आम्हालाही खायला लावायचा. कडूजहर होते. तिसरा टोस्ट गिळून तो म्हणाला, "जरा गोड लागून राह्यले, नाई?"

"भल्ले गोड," मी म्हणालो आणि आणखी एक घेतला.